हिल्काचं पावतीपुस्तक

बिस्किटांच्या डब्यात नाणी. झाकणाला पोचा.
हिल्का मोजते, टपालखात्यात एकतीस वर्षं मोजलं तशी,
अंगठा ओला करून,
ओठ हलवत, पण आवाज न करता.

जंगल बावीस हेक्टर. मागची बाजू दलदलीला लागून.
म्हातारा एइनो गेला आणि वारस तिघं:
एक हेलसिंकीत, एक स्टॉकहोममध्ये,
एक कुठे असतो ते बाकीच्या दोघांनाही नक्की ठाऊक नाही.
तिघांचं मिळून एकच पत्र आलं.
लाकूड कंपनीने दर सांगितलाय.
तुम्ही तेवढेच दिलेत, तर तुम्हाला.
मुदत पहिला बर्फ पडेपर्यंत.

असा कुठे करार असतो?
हिल्का म्हणाली, तारीख घाला.
त्यांनी घातली: तीस ऑक्टोबर.
बर्फ त्या वर्षी सतरालाच पडला.

एक लाख तीस हजार युरो.
गावात घरं चौसष्ट, त्यांतली दिवा लागणारी एकोणचाळीस.
मग लोकर निघाली, सुया निघाल्या,
शनिवारी शाळेच्या पायऱ्यांवर वेलदोड्याचे गोड पाव.
दलदलीतली पिवळी बेरी, जिची जागा
इथली माणसं पोटच्या पोरालाही सांगत नाहीत,
ती ओर्वोक्कीने बादलीने आणली, विकली,
आणि कुठून आणली ते नाहीच सांगितलं.
पाद्रीबुवांनी स्वतःची होडी सोडतीला लावली.
ती त्यांनाच लागली.
पुन्हा लावली.

शहरातून एक बाई आली. म्हणाली,
पण तिथे आहे काय, बघण्यासारखं?
हिल्काने तिला नेलं, ॲस्पेनच्या बुंध्याशी वाकून दाखवलं:
शेवाळावर कण्या, हळदीत घोळलेल्या,
लग्न लागून गेल्यावर मांडवात उरतात तशा अक्षता.
उडत्या खारीच्या लेंड्या.
आणि खार?
खार रात्रीची. मी इथे बासष्ट वर्षं आहे,
मला अजून दिसलेली नाही.
बाईने वीस युरो दिले. कीव आली असेल.
पावतीवर त्याला रकाना नसतो.

सप्टेंबर गेला. डबा, बँक,
परगावी गेलेल्या पोरांनी पाठवलेले, सगळं धरून
अजून दोन हजारांवर कमी.

तेव्हा ताइस्तो आला.
ताइस्तो म्हणजे कंपनीचं यंत्र चालवणारा. चाळीस वर्षं.
या तालुक्यातलं निम्मं आकाश त्यानेच उघडं केलंय.
बुटांना चिखल, म्हणून आत येईना.
दारातूनच पाकीट पुढे केलं.
हेक्टरला एक दिवस धरतो आम्ही, म्हणाला.
बावीस दिवस. दिवसाचे एकशे तीस.
हे काम मलाच सांगितलं होतं.

हिल्काने मोजले. दोन हजार आठशे साठ.
पेन उघडलं. कशापोटी लिहू?
तो बराच वेळ दाराच्या चौकटीकडे बघत राहिला,
कुठलं लाकूड ते ओळखत असल्यासारखा.
मजुरी, म्हणाला. न केलेल्या कामाची.
रकान्यात मावेना.
तिने अक्षर बारीक केलं.

सह्या झाल्या त्या दिवशी विशेष काही घडलं नाही.
फोटो काढला, त्यात माणसांमागे नुसता काळोख आला.
आता काय करणार तुम्ही तिथे, वार्ताहराने विचारलं.
काही नाही, ओर्वोक्की म्हणाली.
त्याने लिहून घेतलं:
पुढील योजना अद्याप ठरलेली नाही.

एप्रिलमध्ये बर्फ उतरला. हिल्का एकटीच गेली, काठी टेकत.
ॲस्पेनपाशी कण्या. पलीकडच्या स्प्रूसपाशीही,
गेल्या साली तिथे नव्हत्या.
वाकली, आणि सवय ती सवय,
अंगठा ओला करून मोजू लागली.
मग लक्षात आलं आपण काय करतोय.
अंगठा कोटाला पुसला,
आणि नुसत्या डोळ्यांनी मोजत राहिली.
चाळिशीच्या पुढे कुठेतरी आकडा चुकला.
तिने तो चुकू दिला.