धुतलेली वही

जांभळी नाक्यामागच्या गल्लीत,
विन्सीकाकांच्या फ्रेमच्या दुकानात
ती काचेची वाट बघतेय :
घंगाळात वही धुणारी जपानी बाई.

हिची कविता चोरून ऐकली कुणी,
रातोरात जुन्या वहीत उतरवली
आणि चोर हिलाच ठरवलं.
हिनं फक्त पाणी मागितलं.
कालची शाई सुटली.
जुन्या ओळी जागच्या हलल्या नाहीत.

काका पट्टी कापत म्हणाले,
"लाकडात पाणी कोरलंय, बघ.
म्हणजे पाणी ठेवायचं,
बाकीचं काढायचं."

माझ्या पिशवीत माझी वही.
तिच्यात दोन ओळी शालनच्या,
कळव्याच्या पुलावर ती सहज बोललेली.

"काच साधी ना?"
"साधीच."

घरी पोचले तेव्हा
पाणी आलं होतं.
मी नळ बंद केला.