प्लेट भरेपर्यंत

थोरल्या दवाखान्यात, रक्ताच्या खोलीत
मी नवी लागले तेव्हा
किटचं खोकं पुण्याहून यायचं, बर्फात, एसटीनं.
एका प्लेटीला शहाण्णव खळगे.
सहा कंट्रोलला जायचे, उरले नव्वद.
एकदा उघडली की पूर्ण भरूनच लावायची,
साहेब म्हणायचे, सरकारचा पैसा आहे.

ब्याण्णवच्या श्रावणात
एकसष्टावा नमुना आला भूपाल चौगुले, शिरोळचा.
मार्केट यार्डातून गुळाचे रवे भरून
अहमदाबादपर्यंत ट्रक हाणणारा.
आता कोपऱ्यातली कॉट, उशाला चिठ्ठी,
आणि ताट दारातून पायानं सरकवलेलं.
मुंबईचं आहे, म्हणायचे वॉर्डातले. ड्रायव्हरलोकांचं.
जणू आजारालाही परमिट लागतं.

अक्काताई रोज माझ्या खिडकीशी.
"आला का वं बाई कागद?"
अजून एकोणतीस कमी आहेत,
हे कुठल्या तोंडानं सांगू?
मशीन बिघडलंय, म्हणायचे मी.
"बरं. उद्या येतो," म्हणायची ती.

मग मी वाट बघायला लागले.
रक्त विकणारे दोघे आले गांधीनगराकडून
तर मला बरं वाटलं.
बरं वाटलं, हे आज पहिल्यांदा लिहिते आहे.

त्र्याऐंशीवर असताना भूपाल गेला.
भाऊ फाटकापर्यंत आले, तिथंच थांबले.
झाडूवाल्या गणपा कांबळेनं हातगाडी काढली
आणि अक्काताईनं मागून धरली.
पंचगंगेवर शेणी फुकट मिळतात,
जळणाऱ्याला काय झालं होतं
ते तिथं कुणी विचारत नाही.

नऊ दिवसांनी प्लेट भरली.
एकसष्टावा खळगा हळूहळू पिवळा होत गेला,
काहिलीत रस तापताना येतो
अगदी तो रंग.
मी खिडकी लावून घेतली थोडा वेळ.

ती आली. कागद घेतला, उलटा धरला,
घडी घालून कमरेला खोचला.
"आता माझं बघा," म्हणाली.
बांगड्या नव्हत्या,
तरी सवयीनं तिनं त्या मागं सारल्या
आणि हात पुढं केला.

रजिस्टरचं नवं पान काढलं.
एक, असं लिहिलं.
खाली एकोणनव्वद ओळी
कोऱ्या.