मूळ रंग

झेन्सव्हिलच्या हॉलात उत्तरेच्या खिडकीशी
पिस्तूल तिरपं धरतो.
ऊन फसवतं, ढगाळ उजेड बरा.

शिक्क्यातली अक्षरं कडांना विरघळलेली,
स्क्रूभोवती उथळ खळगे,
आणि निळाई दाट, तीही नेमकी
होल्स्टरनं जिथं खरवडायला हवी होती तिथं.

"रंग नंतरचा आहे, मिसेस क्लिंगेल. निम्मी किंमत."

ती हातमोजे काढत नाही.
"सासऱ्यांनी केलं. पंचेचाळीसच्या हिवाळ्यात,
परतल्या परतल्या, गॅरेजमध्ये.
तीन रात्री घासत होते.
सासूबाई म्हणायच्या,
गंज तर कुठंच नव्हता."

मी पुन्हा भिंग लावतो.
अक्रोडी मुठीच्या जाळीत, एका खाचेच्या तळाशी
काहीतरी काळं, जुनं.
ब्रश तिथवर पोचला नसावा.

एवढंच मूळ.
माझ्या तक्त्यात त्याला रकाना नाही.