सीलबंद

शेवटचं पान उघडलं : सत्ती.
किलवरचा राजा, दोन नव्व्या, एक तिर्री,
आणि ही सत्ती, कुणाच्याच कामाची नसावी अशी.
माझ्या हातात दोन राण्या.
पाहुणा ४४७१ नं होतं नव्हतं ते आत ढकललं.
बरोबरी करायची तर एकशे ऐंशी युरो.
पंधरा सेकंद.

वडील बाल्टिकवर हेरिंग धरायचे.
वादळात बोट धक्क्याला बांधली की पत्ते.
म्हणायचे, पोरा, पानं नको वाचूस, कान वाच.
थाप मारताना स्तासिसचे कान लाल व्हायचे
हे अख्ख्या क्लायपेदाला ठाऊक होतं,
एकट्या स्तासिसला सोडून.

४४७१ ला कान नाहीत.
एक करडा गोल, त्यात खांद्यापर्यंतचं कुणीतरी.
आल्यापासून पाच डाव मुकाट टाकले त्यानं,
किंवा तिनं.
सहावा हा.

दिवसभर मी क्रेनवर असतो.
कंटेनर उचलतो. आत काय, कळत नाही :
केळी, टायर, कुणाचा बांधलेला संसार.
दोरांना फक्त वजन कळतं.
काट्यावर आकडा येतो
आणि त्या आकड्याच्या भरवशावर
मी चाळीस मीटरवरून एक घर हलवतो.
एकदा काट्यानं रिकामा म्हटलेला डबा
हवेतच एका अंगाला कलला.
खाली ब्रोनियुस होता.
तो आहे अजून, धडधाकट.
फक्त माझ्याशी बोलताना वर बघतो.

आठ.
फ्रिज घरघरतो.
पलीकडच्या खोलीत उग्ने झोपलीय, तोंड उघडं टाकून.
तिच्या दातांच्या तारेचा अर्धा हप्ता
तिला न विचारता मी या टेबलावर आणलाय.

राजा आहे त्याच्याकडे.
छे, राजा असता तर दबकत आला असता.
दबकत येईल असं मला वाटेल, हे त्याला कळतं,
म्हणूनच राजा आहे.
मी त्याच्या डोक्यात शिरतो
तर तिथे मीच बसलेला,
माझ्याच चपला घालून.

तीन.
झाकली मूठ त्याची,
सव्वा लाख मोजायचे मी.

टाकली.
दोन्ही राण्या पालथ्या होऊन सरकत गेल्या,
मधल्या ढिगातले माझे साठही गेले.
त्यानं पानं दाखवली नाहीत. दाखवायची सक्ती नसतेच.
करडा गोल क्षणभर राहिला, मग विझला.
पाहुणा उठला होता.

सकाळी सहाला पहिला डबा.
काट्यावर चौदा टन, सील शाबूत.
खाली ब्रोनियुस, मान वर करून.
मी विचारतो, वारा किती आहे?