बुडबुडा

मानवत रोडला, फाटकाच्या अलीकडं
खय्यूमभाईचं पंक्चरचं दुकान.
मी तिथं ट्यूब बुडवायला शिकलो
आणि साप धरायला.
दोन्ही एकच काम आहे, तो म्हणायचा.
मला पटायचं नाही.

ट्यूब तसराळ्यात फिरवायची, हळू,
बोटभर बोटभर,
बुडबुडा येईल तिथं थांबायचं.
डोळे पाण्यावर. तोंड बंद.
घाई केली की बारीक छिद्र निसटतं
अन् गिऱ्हाईक दिवेलागणीला परत येतं, शिव्या देत.

पहिलं वर्षभर त्यानं मला सापाजवळ जाऊ दिलं नाही.
पिशव्या शिवायला लावल्या, दुहेरी टाका,
पाइपाची कड कानशीनं घासायला लावली
म्हणजे आत शिरताना खवला ओरखडू नये.
आणि गर्दी मागं सारायला लावली.
"हे सगळ्यात अवघड," म्हणाला,
"साप एकच असतोय. माणसं चाळीस."

घोणस ओरडून सांगते.
लोक म्हणतात कुकरची शिट्टी,
मला तो वॉल काढलेल्या ट्रॅक्टरच्या टायरसारखा वाटतो,
संपतच नाही तो आवाज.
तरी सोयाबीनच्या गंजीखाली तिला बघून
कुणीतरी म्हणतंच, अजगराचं पिल्लू आहे,
आणि वाकतं.

मण्यार काहीच सांगत नाही.
रात्री सतरंजीवर येते, उबेला.
डास चावल्याएवढंही दुखत नाही.
पहाटे पोटात कळ, मग पापण्या मिटायला लागतात,
घरचे म्हणतात, झोपू द्या, जागरण झालंय.
"ज्याची जखम दिसत नाही," खय्यूमभाई म्हणायचा,
"त्याला आधी गाडीत घाल. मंदिर नंतर, दर्गा नंतर."

त्याच्या उजव्या हाताची तर्जनी
दुसऱ्या पेरापासून काळी, वाळल्या शेंगेसारखी.
नट पिळताना ती बाजूला उभी राहायची,
पाहुण्यासारखी.
मी तीन वर्षं विचारलं नाही.
एकदा पावसानं दुकान रिकामं होतं, तेव्हा तोच बोलला.

पेडगाव. लग्नाचा मांडव, मागं कडब्याची वळई.
घोणस पिशवीत गेलेली, गाठ मारायची बाकी.
नवरदेवाचा भाऊ म्हणाला, एक फोटो, भाई, काढा की वर.
"मी काढली."
कामून?
तो बराच वेळ तसराळ्यातल्या पाण्याकडं बघत राहिला.
"छान वाटलं रे. चाळीस जण माझं नाव घेत होते."

अठ्ठावीस बाटल्या लागल्या, परभणीला.
हा आकडा तो
ट्यूबचा भाव सांगावा तसा सांगतो.

मागच्या भादव्यात त्याचा गुडघा सुजलेला,
फोन इरळदच्या शाळेतून.
खिचडीच्या खोलीत, तांदळाच्या पोत्यांमागं नाग.
मी एकटा.

पाइप लावला, पिशवी मागं,
आणि बसून राहिलो.
तो फणा काढून माझ्याकडं बघतोय,
मी त्याच्या शेपटीकडं.
वीस मिनिटं. तीस.
खिडकीत पोरं एकावर एक.
बोधनकर बाई त्यांना मागं ओढून थकलेल्या.
मग एक बारका आवाज:
"ह्याला येतंय का न्हाय?"

त्या क्षणी माझा हात उठला.
नागानं नाही, मीच तो पाहिला,
कोपरापासून सुटलेला, वर चाललेला,
जणू टोकाला माझं नाव लिहिलंय कुणी.
मी तो मांडीखाली दाबून धरला.

नागाला अंधार दिसला.
फणा मिटला, आणि तो
आपल्याच घरी निघाल्यासारखा
पाइपात शिरला.
टाळ्या वाजल्या नाहीत. पोरं नाराज होती.
बाईंनी दिलेला चहा
अर्धा बशीत, अर्धा माझ्या पँटीवर.

ओढ्याकाठी पिशवी उलटी करून
दुकानात परतलो, तेव्हा दिवे लागले होते.
कोणता होता, केवढा होता,
खय्यूमभाईनं काही विचारलं नाही.
माझा हात ओढून बल्बखाली धरला,
उलटा, सुलटा,
हळू,
बोटभर बोटभर.

मग सोडला.
"दोन ट्यूबा पडल्यात," म्हणाला. "लाग."