रिंग

सेलूच्या जिनिंगमधे काट्यावर
एकवीस वर्षं गाड्या तोलल्या.
भरली वजा रिकामी, फाड चिठ्ठी.

लेकीला आणायला गेलो
तर मैदानावर एक गडी कमी.
"काका, उभे राहता का?"

जाळीवरून रबरी रिंग आली,
मी दोन्ही हातांनी छातीशी कवटाळली.
नववीतली तंजीला ओरडली, "फाऊल!
एकाच हातानं. अन् धरून ठेवायची नाही."

टेनिकॉइट म्हणं.
सत्तेचाळिसाव्या वर्षी नाव कळलं.

आता रोज साडेपाचला
चप्पल खांबापाशी, करंगळी सुजलेली.
मुकादम विचारतो, हात असा का फिरवता बसल्या बसल्या?

काल एक पडता पडता बोटांवर आली.
दहा किलोच्या आत आमचा काटा हलतच नाही,
त्याला कळलीही नसती.
लगेच परत धाडली.

आऊट गेली.
जाऊ द्या.