तीस सेकंद

मरोळ गावठाणात, बेकरीवरच्या खोलीत
मिस्किटांनी सॉकेटची लायब्ररी लिहिली.
चार फायली. पोर्ट उघडायचा, कान देऊन बसायचं,
कुणी आलं तर आत घ्यायचं.

ससून डॉकचा वजनकाटा तिच्यातूनच बोलतो,
शिवडीचं एक कोल्ड स्टोरेज,
चेंबूरच्या रक्तपेढीतला माझा फ्रीज.
आम्ही एकमेकांना पाहिलेलं नाही;
एकमेकांच्या चुका मात्र
ओळ क्रमांकासकट पाठ.

टाइमआउटपाशी त्यांची टीप आहे:
‘तीस सेकंद. माणूस एवढा थांबतो.’
डॉकवरची हर्षला म्हणाली, लिलावाच्या वेळी
पुरत नाहीत हो, नव्वद करा.
मिस्किटा आठवडाभर भांडले,
मग रात्री दोनला गुपचूप साठ केले.
टीप बदलली नाही.

फेब्रुवारीपासून त्यांचं उत्तर नाही.
कनेक्शनचं असंच असतं:
समोरचा न सांगता उठून गेला
तरी आपल्या बाजूला उघडंच दिसतं.

काल बेकरीत गेलो. सहा पाव घेतले. वर कुलूप.
मालक म्हणाला, आत राउटर चालू आहे,
बिल मीच भरतो.
बंद कर असं कुणी सांगितलं नाही ना.

घरी येऊन साठचे नव्वद केले.
टिपेतले तीस
तसेच ठेवले.